नकाशातली चौथी वस्ती

भानुदासकाका लेकीकडे राहायला अमेरिकेत आले आणि त्यांची पहिली ओळख झाली ती एका रोमानियन म्हाताऱ्याशी. त्याला कारणही तसंच होतं. वेस्ट विंडसरच्या त्या गल्लीत दिवसा माणूस म्हणून दिसायचा नाही. सकाळी सगळे प्रिन्स्टन जंक्शनची गाडी पकडायला पांगायचे, पोरं पिवळ्या बसमध्ये चढायची, आणि मागे राहायचे दोन म्हातारे, आपापल्या पायरीवर बसलेले, मधे झुडपांचं कुंपण. दोन माणसं किती दिवस नुसती एकमेकांकडे बघत बसतील? एके दिवशी पलीकडच्याने कुंपणावरून वाडगाभर प्लम पुढे केले. काकांनी दुसऱ्या दिवशी त्याच वाडग्यात शेंगदाण्याचे लाडू परत पाठवले. रिकामं भांडं परत करायचं नसतं, एवढी रीत दोघांकडेही होती.

त्याचं नाव ग्रिगोरे लुंगू. वय पंच्याहत्तरच्या पुढे, बायको एलेना तीन वर्षांपूर्वी वारलेली, मुलगी लांब कॅलिफोर्नियात. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून एकमेकांचं छान कळायचं. अस्खलित बोलणाऱ्याशी बोलायचं म्हटलं की काकांची जीभ जड व्हायची. ग्रिगोरेसमोर ती सैल सुटायची. काका त्याला ग्रिगोरेभाऊ म्हणायचे. तो काकांना नुसतं भानू म्हणायचा. सत्तरीच्या माणसाला भानू म्हणणारं आता दुसरं कुणी उरलेलं नव्हतं, त्यामुळे काकांना ते आवडायचं.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात ग्रिगोरेने एक काम अंगावर घेतलं. त्याच्या गावाकडची दहा-बारा कुटुंबं ट्रेंटनच्या आसपास राहत होती, आणि सगळ्यांचं मिळून एक छोटं चर्च होतं. तिकडे रोमानियात राजवट बदलली, नवा सरपंच आला, त्याने गावात नवी शाळा बांधली. शाळेच्या भिंतीवर लावायला त्याला गावाचा जुना नकाशा हवा होता. असेल तसा, आठवणीतला. इकडच्या मंडळींनी ठरवलं की एक मोठा नकाशा काढायचा, सप्टेंबरात गावच्या देवळाचा सण असतो त्या दिवशी तो चर्चच्या हॉलमध्ये लावायचा, आणि त्याची नक्कल गावी पाठवायची. सगळ्यांत वयस्कर ग्रिगोरे, आणि हात चांगला तोही त्याचाच. म्हणून काम त्याच्याकडे आलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने भलामोठा कागद पसरला. काका समोर खुर्ची ओढून बसले.

"हे आमचं वालेआ नुकुलुई," ग्रिगोरे म्हणाला. "म्हणजे अक्रोडाचं खोरं. मागे कार्पेथियन डोंगर. हा ओढा डोंगरातून येतो, पुढे नदीला मिळतो, नदी शेवटी डॅन्यूबला. आमच्याकडे एक गाव म्हणजे एक गाव नसतं. तीन गावं मिळून एक कोमुना. एक सरपंच, एक कचेरी."

"गट ग्रामपंचायत!" काका मराठीतच म्हणाले.

"काय?"

"काही नाही. आमच्याकडे पण सेम."

ग्रिगोरेने तीन ठिपके काढले. वर सुसेनी, म्हणजे वरचं गाव; तिथे सुखवस्तू लोक, प्लमच्या बागा. खाली जोसेनी, खालचं गाव. तिथे मक्याची शेतं, पीठगिरणी. आणि मधे टेकडीवर मठ, त्याच्या पायथ्याशी मनस्तिरेआ नावाचं तिसरं गाव. मठ जुना, चारशे वर्षांचा. तुर्कांच्या काळात एकदा जळला, पुन्हा बांधला. कितीतरी जमीन मठाची. पहिल्या महायुद्धात जर्मन आले ते ह्या वाटेने, दुसऱ्यात रशियन आले ते त्या. ग्रिगोरे सांगत होता आणि पेन्सिल चालत होती. घरं, विहिरी, मक्याच्या कणग्या, रस्त्याकडेचे क्रूस. काका मन लावून बघत होते.

काकांनी आयुष्यभर एसटी चालवली होती. भंडारा, पवनी, लाखांदूर. धुळीच्या रस्त्यांनी शेकडो गावांत शिरले होते ते. गाव कुठून सुरू होतं, शाळा कुठे, देऊळ कुठे आणि रस्त्यालगत कुठली घरं आधी लागतात, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. म्हणून त्यांनी अगदी सहज विचारलं,

"आणि ती वस्ती कुठाय?"

"कुठली?"

"ती रे. बाहेरची. ओढ्याच्या खालच्या अंगाला असेल बघ. सगळ्यांचं पाणी वापरून झालं की ज्यांच्याकडे जातं, त्यांची."

ग्रिगोरेची पेन्सिल थांबली. "तसं काही नाही आमच्याकडे," तो म्हणाला. मग उठून त्याने उगाच नळ सोडला, पेला धुतला, पुन्हा धुतला. "आज पुरे. मला डोकं दुखतंय."

त्यानंतर चार-पाच दिवस तो पायरीवर आला नाही. काकांना वाटलं आपण पाहुण्यासारखं वागायचं सोडून पोलीस पाटलासारखी चौकशी केली. सुजाताने, त्यांच्या लेकीने, जेवताना विचारलं, "बाबा, तुमचे फ्रेंड कुठे गेले? भांडलात की काय?"

"मी फक्त वस्ती कुठे ते विचारलं."

जावई प्रफुल्ल हसला. "बाबा, तुम्ही अमेरिकेत येऊन पण वस्ती शोधता!"

"असते म्हणून शोधतो," काका म्हणाले.

सहाव्या दिवशी ग्रिगोरे आला. कुंपणाला वळसा घालून थेट काकांच्या पायरीवर येऊन बसला. मग म्हणाला, "तू आधी सांग. तुझ्या गावात तू कुठे राहायचास?"

काकांना लपवण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी हातानेच हवेत दाखवलं. "वैनगंगेकाठी आमचं मोहगाव. गाव इकडे वर. आम्ही इकडे, खाली, उगवतीला. गावाच्या विहिरीवर जाता यायचं नाही. मेलेलं ढोर आम्हीच ओढायचं. मग छप्पन साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली नागपूरला. मी तिशीचा होतो तेव्हा, बापाबरोबर गेलो. परत आलो आणि बापाने ढोर ओढायचं सोडलं. गावाने बहिष्कार टाकला. पण सोडलं ते सोडलं."

ग्रिगोरे ऐकत होता. मग तो खाली वाकला आणि बोटाने पायरीवरच्या धुळीत एक रेघ ओढली. "हा ओढा. ही गिरणी. गिरणीच्या खाली, ओढा ओलांडून, वाळुंजाची झाडं होती. तिथे आम्ही. गावचे लोक त्या जागेला एक नाव ठेवायचे, ते मी तोंडातून काढणार नाही. शिवीच ती. आम्ही म्हणायचो ला रेकिता. वाळुंजापाशी."

त्याने सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांत. त्याचे लोक रोमा, बाहेरचे ज्यांना जिप्सी म्हणतात ते. वाळुंजाच्या लाकडाचे चमचे, पळ्या, काथवटी करायचे, म्हणून आडनावच लिंगुरार, चमचेवाले. त्याच्या आजोबांचे वडील मठाच्या मालकीचे होते. बैल जसे मठाचे, घंटा जशी मठाची, तसे ते. विकता यायचे, दान देता यायचे. पुढे कायदा झाला, सुटले; पण सुटून जायचं कुठे? मठाच्या जमिनीवरून उठून ओढ्यापलीकडे गेले, एवढंच. बेचाळीस साली वस्तीतली काही घरं सरकारने गाड्यांत भरून पूर्वेला पाठवली, बग नदीच्या पार. परत कुणी आलं नाही. तो स्वतः तेव्हा सैन्यात होता, त्याच देशासाठी लढत. युद्ध संपलं तेव्हा तो जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत होता. तिथे एका कारकुनाने विचारलं, नाव? तो म्हणाला, लुंगू; लिंगुरार नाही म्हणाला. गाव? तो म्हणाला, सुसेनी.

"वरचं गाव," काका म्हणाले.

"सगळ्यात वरचं. खोटं बोलायचंच तर खालचं कशाला बोलायचं?" ग्रिगोरे हसला, पण ते हसू ओठापर्यंतच आलं. "एलेना बुखारेस्टची. तिला तेच सांगितलं. चर्चच्या लोकांना तेच सांगितलं. ते सगळे जोसेनीचे नि मनस्तिरेआचे, माझ्याहून लहान, सुसेनीत कोण कुणाचा हे त्यांना नीट ठाऊक नाही. पन्नास वर्षं निभावलं."

"आता वस्ती आहे तिथे?"

"नाही. दहा वर्षांपूर्वी पाडली. आमचा वालेरिऊ आहे ना, पत्ते खेळायला येतो तो, तो जाऊन आला मागे. सांगत होता, ओढ्यापलीकडची घाण साफ झाली, बरं झालं, आता तिथे ट्रॅक्टर ठेवतात. माझी आई तिथे पुरलेली आहे, भानू. स्मशानाच्या भिंतीत आम्हाला घेत नव्हते. वाळुंजाखाली पुरलंय तिला. तिच्यावर ट्रॅक्टर उभे आहेत, आणि मी म्हणालो, हो का? आणि पत्ता टाकला."

त्यांनी आपला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"मग काढ ना चौथी," ते थोड्या वेळाने म्हणाले. "नकाशात काढ. शाळेत लागणार आहे तो. तू नाही काढली तर आता कोण काढणार? जमिनीवर नाही, कागदावर पण नाही, म्हणजे झालंच."

"एलेनाच्या बाजूची जागा माझी आहे," ग्रिगोरे म्हणाला. "चर्चच्या दफनभूमीत. मी मेलो की हीच माणसं मला उचलून नेणार. इथे दुसरं कोण आहे मला? उचलतील का मग?" त्याने धुळीतली रेघ तळव्याने पुसली. "बघतो. बघतो मी."

आणि इथेच काकांच्या समजुतीत गफलत झाली. बघतो म्हणजे करतो, असं त्यांनी धरलं. त्यांच्या माणसांत एकदा कळलं ना की समोरचा आपल्यातला आहे, की मोठ्याने जय भीम म्हणायचं, चारचौघांत म्हणायचं. सांगितलं म्हणजे सुटलं. सांगून पुन्हा आत ठेवायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्या आनंदात त्यांनी सुजातालाही सगळं सांगून टाकलं.

सुजाता भाजी चिरत होती. ती थांबली. "बाबा, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं. जगाला नाही."

"लाजायचं काय त्यात?"

"लाजेचं नाही हो. ऑफिसमध्ये माझी मैत्रीण कांचन होती ना, आम्ही रोज डबा शेअर करायचो. एकदा तिने विचारलं, तुम्ही मूळचे कुठले, घरी देव कुठले. मी सांगितलं, आम्ही बुद्धिस्ट, आंबेडकरांचे. काही बोलली नाही ती. दुसऱ्या दिवसापासून तिचं डाएट सुरू झालं. दोन वर्षं झाली, अजून डाएटच चालूय." तिने सुरी पुन्हा हातात घेतली. "प्रफुल्ल मंडळात गेला की नुसतं 'विदर्भ' म्हणतो. अख्खा विदर्भ त्याचं गाव. मी त्याला नावं नाही ठेवत. ज्याचं त्याला निभवायचं असतं, बाबा."

काकांना पटलं नव्हतं.

ग्रिगोरेच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि त्याला गाडी चालवायला मनाई होती. म्हणून सणाच्या दिवशी सुजाताच दोघांना घेऊन निघाली. ग्रिगोरेने काळा कोट घातला होता. गुंडाळलेला नकाशा त्याने दोन दिवस आधीच पाद्र्याकडे पाठवला होता. काका वाटेत विचारणार होते, काढलीस ना? पण ग्रिगोरे खिडकीबाहेर बघत बसला होता, म्हणून राहिलं.

हॉलमध्ये लांब टेबलं मांडली होती. कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, मक्याचा पिवळा घाटा, प्लमची दारू. समोरच्या भिंतीवर नकाशा, त्यावर पांढरं कापड. पन्नासेक माणसं. काकांना आणि सुजाताला त्यांनी पुढेच बसवलं. आनेता नावाची एक गोल चेहऱ्याची म्हातारी सारखी त्यांच्या ताटात वाढत होती. वालेरिऊ, उंच, मिशाळ, प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत फिरत होता.

पाद्री तरुण होता, इथेच जन्मलेला. त्याने प्रार्थना केली, चार शब्द बोलला, आणि मग हसून काकांकडे वळला. "आपल्याकडे आज एक पाहुणे आहेत. ग्रिगोरेने हा नकाशा काढला तेव्हा रोज हे शेजारी बसायचे म्हणे. आजोबा, तुम्हीच सांगा, आमच्या गावाबद्दल काय काय शिकलात?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका उठले. त्यांना भरून आलं होतं.

"सगळं शिकलो," ते आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "वरचं गाव. खालचं गाव. मठ. फार सुंदर. आणि ओढ्यापलीकडे ह्याचं घर, झाडांपाशी. माझ्या गावात माझं पण घर तिकडेच. आम्ही दोघे एकाच बाजूचे. म्हणून भाऊ."

वालेरिऊ खो-खो हसला. "ओढ्यापलीकडे? आजोबा, तिकडे तर जिप्सी राहायचे! ग्रिगोरे, तू ह्यांना काय पाजलंस?"

सगळे हसले. आनेताने काकांच्या हातावर थोपटलं. "गोंधळ झाला बिचाऱ्यांचा."

काकांनी ग्रिगोरेकडे पाहिलं. ग्रिगोरे त्यांच्याकडे बघत नव्हता. तो त्या पांढऱ्या कापडाकडे बघत होता, आणि त्या बघण्यावरून काकांना कळलं की कापडाखाली तीनच गावं आहेत. शेजारी सुजाताने डोळे मिटून घेतले होते.

सुटायची वाट अजून होती. सगळे हसतच होते. काकांनी दोन्ही हात जोडले. "सॉरी. सॉरी. माझं इंग्लिश बॅड. ह्याचं नाही, मी माझंच गाव सांगत होतो. म्हातारा माणूस, मिस्टेक झाली." आणि त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला, लोकांना हसू यावं म्हणून. लोक हसलेही. पाद्री मान डोलावून कापडाकडे वळला.

"थांबा," ग्रिगोरे म्हणाला.

तो उठला. उठताना त्याने टेबलाचा आधार घेतला. "त्याचं इंग्लिश चांगलं आहे," तो म्हणाला. "बरोबर बोलला तो."

पुढचं तो रोमानियनमध्ये बोलला. फार नाही, चार-पाच वाक्यं. काकांना एक अक्षर कळलं नाही, पण लिंगुरार हा शब्द कळला, आणि माणसांचे चेहरे कळले. मग त्याने चालत जाऊन स्वतःच कापड ओढलं. तीन गावं, सुबक, रंगवलेली. गिरणीच्या खाली कोरा कागद. ग्रिगोरेने पाद्र्यापुढे हात केला. पाद्र्याने क्षणभर काही केलं नाही, मग खिशातलं पेन काढून दिलं.

ग्रिगोरे घरं काढू लागला. छोटी छोटी घरं, दाटीने. मग झाडं.

वालेरिऊ उभा राहिला. आता तो हसत नव्हता. काकांना कळावं म्हणून की काय, तो इंग्रजीत बोलला. "इतकी वर्षं माझ्या टेबलावर जेवलास."

"जेवलो," ग्रिगोरे मागे न वळता म्हणाला. "तूही माझ्या."

वालेरिऊने कोट उचलला. त्याची बायको उठली, आणखी दोन टेबलं उठली. दार दोन-तीनदा उघडलं, मिटलं. जे राहिले ते आपल्या ताटात बघत राहिले.

शेवटी आनेता बोलली. बसल्या जागेवरूनच. पुढे सुजाताने विचारलं तेव्हा तिने इंग्रजीत सांगितलं, ती काय बोलली ते. ती म्हणाली होती, "नाव लिहायचं राहिलं त्याला. आम्ही जे म्हणायचो ते नको लिहूस. तुम्ही काय म्हणायचात?"

ग्रिगोरेने लिहिलं. ला रेकिता. मग पेन परत दिलं, आणि काकांना म्हणाला, "चल, भानू."

सुजाताने गाडी काढली. काका मागच्या सीटवर त्याच्याशेजारी बसले होते.

"ग्रिगोरेभाऊ, माझी चूक झाली," ते म्हणाले. "तू सांगितलं नव्हतंस लोकांत बोल म्हणून. मला वाटलं तू काढलीच असशील."

"तू तर वाट करून दिली होतीस मला. कपाळावर हात मारून घेतलास." ग्रिगोरे खिडकीबाहेर बघत होता. "तुला तसं करताना बघितलं आणि मला माझा बाप दिसला. सुसेनीच्या लोकांपुढे तो असाच हसायचा. स्वतःवर हसायचा, म्हणजे ते मारायचे नाहीत. ते मला बघवलं नाही."

काकांनी मान खाली घातली. त्यांचाही बाप दीक्षेआधी तसाच हसायचा.

"आता मला उचलतील की नाही, माहीत नाही," ग्रिगोरे म्हणाला.

"आम्ही आहोत," काका म्हणाले. "मी, प्रफुल्ल."

"दोघं पुरत नाहीत, भानू."

सुजाताने आरशातून मागे पाहिलं.

दफनभूमीचं फाटक आलं तसं ग्रिगोरेने तिच्या खांद्याला हात लावला. "इथे थांबव, बेटी. दहा मिनिटं." बेटी हा शब्द तो काकांकडूनच शिकला होता.

तो उतरला. गवतावरून हळूहळू चालत गेला. एलेनाच्या दगडाजवळची मोकळी जागा त्याची होती. त्या जागेवर तो उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. काका आणि सुजाता गाडीपाशीच थांबले. वारा सुटला होता, त्यामुळे आवाज येत नव्हता. पण तो बोलत होता, हे दिसत होतं. बोलता बोलता त्याचा हात हवेत फिरू लागला. इथे डोंगर. इथून ओढा. ही गिरणी. मग हात खाली आला, ओढ्याच्या पलीकडे आला, आणि तिथेच थांबला.

दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली.

"बाबा, जाऊया का जवळ?" सुजाताने हळूच विचारलं. "ठीक आहेत ना ते?"

"नको," काका म्हणाले. "नवरा-बायकोचं बोलणं चाललंय. आपण कशाला मधे जायचं?"

आणि ते दोघं पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभे राहिले.